पाण्याचं बिल: घरटी मीटर की सरसकट वाटणी?

होळी झाली की नागपुरात कूलर धुवायला निघतात आणि त्याच आठवड्यात अपार्टमेंटच्या सभेत पाण्याच्या बिलाचा विषयही निघतो. तुमच्याकडे निघाला असेल तर एव्हाना कोणीतरी म्हणालंच असेल, "लावून टाका ना भाऊ एकदाचे मीटर, कटकटच नको." मी दोन्ही भोगलेलं आहे. त्रिमूर्तीनगरात बारा फ्लॅटच्या इमारतीत नऊ वर्षं राहिलो, त्यातली शेवटची चार वर्षं घरटी मीटर होते. आता सहा वर्षं मनीषनगरात आहे. इथे सोळा फ्लॅट आहेत आणि बिल सगळ्यांत सारखं वाटतात, थोडा फेरफार करून. पहिल्या ठिकाणी दोन वर्षं रीडिंग घ्यायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे पुढे जे लिहितोय त्यातलं बरंचसं हातात टॉर्च धरून, डक्टमध्ये वाकून पाहिलेलं आहे. तुमच्या इमारतीत वेगळं असू शकतं, हे आधीच कबूल.

मीटरच्या बाजूने बोलायचं ते आधी बोलतो, कारण ते खरं आहे. मीटर लागल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत आमच्याकडे चार फ्लश टाक्या दुरुस्त झाल्या. त्या वर्षानुवर्षं झिरपत होत्या आणि आवाज न करता झिरपत होत्या. प्लंबरला बोलवायला कोणाला वेळ नव्हता. स्वतःच्या नावावर आकडा पडायला लागल्यावर तो वेळ निघाला. सावजीत आठ जण जेवायला गेले आणि बिल सारखं वाटायचं ठरलं की ज्याला एरवी अंडाकरी पुरते तोही मटण मागवतो. सरसकट वाटणीचा रोग हाच. मी जास्त वापरलेल्या बादलीचा सोळावा हिस्सा मला पडतो, बाकीचे पंधरा शेजाऱ्यांच्या माथी. गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये सामाईक कुरणाचं उदाहरण देऊन हेच मांडलं होतं: प्रत्येकजण आपलं एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण संपतं. आमच्याकडे गुरांच्या जागी कूलर.

आणि नागपूरचा कूलर म्हणजे काही थोडंथोडकं प्रकरण नाही. आमच्या मोठ्या कूलरच्या टाकीत पाच बादल्या पाणी मावतं आणि मे महिन्यात ती दिवसातून दोनदा भरावी लागते. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी मिळावं असं सरकारी प्रमाण आहे. त्या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला साधारण १६ युनिट पुरतात, युनिट म्हणजे हजार लिटर. खिडकीत दोन कूलर लागले की हा हिशेब कोसळतो. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हा पाणी वाचवा असं कोणाला सांगायची सोयच नव्हती.

तर मीटर लावावेत? थांबा, आधी गच्चीवर जाऊन या. टाकीतून खाली उतरणारे पाइप मोजा. जुन्या बांधकामात स्वयंपाकघराची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, संडासची वेगळी असते. म्हणजे एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही, तीन लागतात. आमच्या त्रिमूर्तीनगरच्या इमारतीत सुदैवाने बहुतेकांच्या दोनच लाइनी होत्या, तरी बारा फ्लॅटना सव्वीस मीटर लागले. एवढे सव्वीस डबे महिन्याच्या एक तारखेला वाचायचे, वहीत उतरवायचे, कोणाचा काच धुरकटला असेल तर पुसायचा. एक मीटर तर अशा जागी होता की मोबाइल आत घालून फोटो काढायचा आणि मग फोटोतून आकडा वाचायचा. हा त्रास मी धरत नाही, कारण त्याची सवय होते.

सवय झाली नाही ती 'फरक' या रकान्याची.

महानगरपालिकेचं मीटर गेटपाशी. तिथून पाणी खालच्या टाकीत, पंपाने गच्चीवर, आणि तिथून आमच्या सव्वीस मीटरांतून घरात. बिल येतं गेटच्या मीटरवर. तर एप्रिलमध्ये गेटचं मीटर म्हणालं २०४ युनिट आणि सव्वीस मीटरांची बेरीज आली १७१. मधले ३३ युनिट कोणाचे? वहीत मी त्याला 'फरक' असं नाव दिलं आणि तिथून माझं आयुष्य बिघडलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खाली खुर्च्या लागायच्या आणि तासभर त्या फरकावर चर्चा. बिलाची रक्कम कोणी विचारायचंही नाही. तिसऱ्या माळ्यावरच्यांना पहिल्या माळ्यावरच्यांचा संशय, पहिल्या माळ्यावरच्यांना माझा.

खरं कारण पुढे एका जुन्या प्लंबरने सांगितलं. या घरगुती मीटरातली चकती फिरायला पाण्याला थोडा जोर लागतो. सुताएवढी धार सोडली तर पाणी जातं आणि चकती जागची हलत नाही. गच्चीच्या टाकीला लागून असलेल्या सगळ्यांत वरच्या माळ्यावर पाण्याला जोर कमीच असतो, म्हणून तिथे हे जास्त. आमच्या एका वहिनींना हे प्लंबरच्या आधी कळलेलं होतं. रात्री निजताना नळाची बारीक धार बादलीत सोडून द्यायच्या, सकाळी बादली काठोकाठ भरलेली आणि काटा होता तिथेच. मला त्यांचं कौतुकच वाटलं. पण ती बादली फरकात जायची आणि फरक सगळ्यांत वाटला जायचा. म्हणजे मीटर लावून आम्ही काय मिळवलं, तर सरसकट वाटणीच, फक्त चोरून.

गंमत म्हणजे एका ऑगस्टमध्ये फरक उणे आला. बोअरवेलचं पाणीही त्याच टाकीत चढवत होतो, त्यामुळे घरांची बेरीज गेटच्या मीटरपेक्षा जास्त भरली. त्या महिन्यात सभा घ्या असं कोणीही म्हणालं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं की फरक पार्किंगमधल्या कॉमन नळातून जातो. त्यावर चौकीदाराचं कुटुंब पाणी भरायचं, जिना पुसणारी बाई बादली भरायची आणि गेटबाहेरच्या पाणपोईचे दोन रांजण भरले जायचे. ठराव झाला. नळाला कुलूप लागलं आणि चावी, रीडिंगवाला म्हणून, माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. मग सकाळी साडेसहाला बेल. "काकाजी, चाबी द्या ना." सातला पुन्हा बेल. दुपारी मी ऑफिसात, बायको शाळेत, चावी खिळ्याला आणि गेटवर रांजण कोरडे. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, एक भाजीवाला रांजणात ओगराळं घालून तळ खरवडत होता, तो आवाज मी सुट्टीच्या दिवशी वरून ऐकला. बाकी हिशेब मी विसरलो असतो. कुलूप लावूनही जूनमध्ये फरक ३१ आला.

इथे मनीषनगरात आलो तेव्हा पहिल्याच सभेत विचारलं, मीटर आहेत का? सेक्रेटरी हसून म्हणाले, "मीटर काहून पाहिजे जी, कूलर दिसते ना खिडकीत." त्यांची पद्धत अशी: गेटच्या मीटरचं बिल सोळा जणांत सारखं. मार्च ते जून प्रत्येक कूलरमागे महिन्याला दीडशे रुपये वर. कूलर मोजायला कोणाच्या घरात जावं लागत नाही, रस्त्यावर उभं राहून मान वर केली की झालं. कूलर भरून पाणी खाली सांडायला लागलं, म्हणजे आतला फ्लोट खराब झाला, की पहिल्यांदा खालून हाक, दुसऱ्यांदा फळ्यावर फ्लॅट नंबर, तिसऱ्यांदा शंभर रुपये. सहा वर्षांत शंभर रुपये दोनदाच वसूल झालेत, आणि एकदा ते सेक्रेटरींकडूनच झाले. हा फेरफार कोणी अर्थशास्त्र वाचून केलेला नाही. पण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच कामासाठी. या पुरस्काराच्या त्या पहिल्या महिला मानकरी. स्पेनमधले कालवे, स्वित्झर्लंडमधली कुरणं, लॉस एंजेलिसजवळचं भूजल, असं जगभरचं पाहून त्यांनी दाखवलं की सामाईक गोष्ट टिकवायला दरवेळी ती तुकड्यांत वाटून टाकावी लागत नाही किंवा सरकारच्या हवाली करावी लागत नाही. वापरणारे कोण ते ठरलेलं हवं, नजर वापरणाऱ्यांचीच हवी, शिक्षा लहानापासून सुरू व्हावी आणि भांडण स्वस्तात मिटावं. फळ्यावर नंबर लिहिण्याइतकं स्वस्त तर काहीच नसेल.

माझ्या आजोळी, भंडाऱ्याकडे, मालगुजारी तलाव आहे, म्हणजे मालगुजार नावाच्या जुन्या जमीनदारांच्या ताब्यातला. तिकडे पूर्व विदर्भात असे कितीतरी, कोहळी लोकांनी बांधलेले. तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी चाललंय ते सरळ दिसायचं, त्यामुळे मोजायला यंत्र लागत नव्हतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती, पण तलावही सरकारजमा झाले. निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांचे पाणी वापरायचे, हक्क कागदावर राहिले आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न लोंबकळत राहिला. मामा अजून म्हणतो, तलाव सरकारचा झाला आणि गाळ आमचाच राहिला.

हे विषयांतर झालं खरं. पण सरसकट वाटणीत जे जमतं ते दिसण्यावर जमतं, एवढंच म्हणायचं होतं. जे दिसत नाही तिथे ती हरते. फ्लशची गळती आमच्याकडे आजही असणार, नक्कीच. त्यावर उपाय म्हणून दिवाळीआधी प्लंबर एकदाच बोलावून सगळे फ्लॅट तपासून घेतो आणि त्याचे पैसे कॉमन फंडातून जातात. मीटरइतकं चोख होत नाही. ऑस्ट्रॉमबाईंच्या लॉस एंजेलिसमध्येही शेवटी पंपांचं पाणी मोजत होतेच, हेही सांगायला हवं.

आणि एकट्या राहणाऱ्यांचं काय? इथे मीटरवाल्यांची बाजू भक्कम आहे. आमच्या तिसऱ्या माळ्यावर एक आजी एकट्या राहतात, त्यांच्या शेजारी सहा जणांचं घर. दोघांचं बिल सारखं. मलाच ते खुपलं म्हणून मी सभेत माणशी वाटणीचं सुचवलं. आजी म्हणाल्या, "बस रे बाबू. पाणी मी कमी वापरते, पण लिफ्ट कोण जास्त वापरते? तळमजल्यावाला तर चढतही नाही." त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. माणशी वाटणीत तसाही दर महिन्याला पाहुणे मोजायचा प्रश्न येतो, मुलगी बाळंतपणाला आली की तिला धरायचं की नाही असला. तो मार्ग मी कोणाला सुचवणार नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत तिसरीच रीत आहे. पाण्याचे पैसे प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून लावायचे. तुमची इमारत सहकारी संस्था म्हणून नोंदलेली असेल तर सभेत हे कोणीतरी काढणारच, म्हणून वाचून जा. तीन खोल्यांच्या आणि एका खोलीच्या फ्लॅटमध्ये फरक करायला ही रीत बरी आहे, वापराशी मात्र तिचा संबंध तेवढ्यास तेवढाच.

तुमच्याकडे पन्नास-साठ फ्लॅट असतील, निम्म्यात भाडेकरू पोरं राहत असतील, मालक पुण्यात किंवा बंगळूरला असतील, तर फळ्यावर नंबर लिहून कोणालाही लाज वाटणार नाही. तिथे मीटरच लावा, मी आडवा येणार नाही. उन्हाळाभर टँकर विकत घ्यावे लागत असतील तरीही मीटरकडे झुकावं, कारण तेव्हा रक्कम खरोखर मोठी होते. नव्या बांधकामात एका फ्लॅटला एकच लाइन असेल तर खर्चही आटोक्यात राहतो. पण वीस-बावीस फ्लॅटच्या आत, एकमेकांना तोंडाने ओळखणारी माणसं, आणि पाण्याच्या बिलात घरटी महिन्याला शंभर-सव्वाशेचा वरखाली, एवढ्यासाठी सव्वीस डबे आणि एक फरकाचा रकाना विकत घ्यावा का, ते तुम्हीच ठरवा. मी त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट विकला तो या कारणाने नाही, मुलीच्या कॉलेजसाठी विकला. मात्र नवीन घर बघताना एजंटला पहिला प्रश्न पाण्याचं बिल कसं वाटतात हा केला होता, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला.

मीटर लावायचेच ठरलं तर एक करा. पार्किंगच्या नळालाही एक मीटर बसवा आणि त्याचं बिल आधीच सगळ्यांत वाटून टाका, म्हणजे रांजणावर कोणी बोट ठेवणार नाही. आणि चावी ठेवायला कोणी सांगितलं तर घरात खिळा नाही म्हणून सांगा.