लेकीच्या मणक्याचं ऑपरेशन, चार स्टार
कणा पार एस सारखा वाकलेला, कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन, ६२ डिग्री, म्हणजे ब्रेसची (बाक वाढू नये म्हणून अंगावर घालायच्या पट्ट्याची) वेळ कधीच गेलेली, कारण ५० च्या वर गेलं की वाढ थांबल्यावरही बाक वाढतच राहतो. सर्जननी एक्स-रेवर पेनने रेघा मारून स्क्रू कुठे रॉड कुठे सगळं दाखवलं आणि कणा शंभर टक्के सरळ होणार नाही हेही तोंडावर सांगितलं, ते आवडलं. ऑपरेशनभर मज्जारज्जूचं मॉनिटरिंग असतं का, हे आधी विचारूनच घ्या बरं का. दुसऱ्याच दिवशी उभं केलं तर म्हणते, आई मी उंच झाले! एक स्टार कापला तो रात्रीच्या नर्सिंगचा, पेनकिलरसाठी तीनदा बेल वाजवली. फिजिओ मात्र भारी, कंबर न पिळता कुशीवर वळून कसं उठायचं ते तिनेच शिकवलं.