आपल्याच जातीला खाणारे: स्वीडनचं तळं की होक्काइदोचं डबकं?

शिकारी एकमेकांनाच खाऊ लागले की भक्ष्याची चंगळ, असं आपण सहज धरून चालतो. स्वीडनमधल्या एका लहान तळ्यात ते जुळलंही. संशोधक लेनार्ट पेर्सन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली तिथल्या पर्च माशांची हकीकत मांडली. मोजक्या पर्चनी स्वतःच्या जातीची पिल्लं खाल्ली आणि ते राक्षसी आकाराचे झाले. पिल्लांचं अन्न म्हणजे पाण्यातले सूक्ष्म प्राणिप्लवक. पिल्लं घटली, प्लवक वाढले, त्यांनी सूक्ष्म शेवाळ फस्त केलं. मत्स्यन्यायाची झळ थेट हिरव्या थरापर्यंत!

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या डबक्यांत मात्र गणित उलटं फिरतं, आणि मला तेच जास्त विलक्षण वाटतं. तिथे सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचराची पिल्लं भावंडांनाही सोडत नाहीत. अशी खादाड पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यांचा जबडा रुंदावतो. एरवी सॅलमँडरच्या तोंडात न मावणारे मोठे बेडूकमासेही मग त्यांच्या घशात जातात. म्हणजे शिकारी संख्येने कमी, पण बेडूकमाशांचे हाल जास्त. जे वाचतात, तेही भीतीने हालचाल आवरतात. बेडूक व्हायला त्यांना उशीर लागतो.

फरक कुठे पडला? स्वीडनमध्ये प्लवकांवर ताव मारणारी पिल्लंच गेली. राक्षस पर्चला प्लवकांत फारसा रस नव्हता. होक्काइदोत उरलेला राक्षस त्याच भक्ष्यावर टपलेला, फक्त आता तोंड मोठं. शिकारी किती मेले हे मोजून भागत नाही. उरलेल्याच्या जबड्याचं मापही घ्यावं लागतं.