अँडी कॅप की फ्रेड बॅसेट?

'डेली मिरर' या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या चित्रपट्टीत (कॉमिक स्ट्रिप) १९५७ साली रेग स्माइथचा अँडी कॅप अवतरला. डोळ्यांवर ओढलेली टोपी, कामाचा कंटाळा, पबची ओढ आणि घरी वाट अडवून उभी बायको, फ्लो. स्माइथच्या हार्टलपूल गावातली कष्टकरी वस्तीच त्यात उतरली आहे. सुरुवातीच्या पट्ट्यांमधली नवरा-बायकोची मारामारी मात्र आज वाचताना हसू ओठांवरच थिजतं.

अ‍ॅलेक्स ग्रॅहमचा फ्रेड बॅसेट ('डेली मेल', १९६३) अगदीच सोज्वळ. लांब कानांचा हा कुत्रा मनातल्या मनात बोलतो. ते वाचकाला कळतं, मालकाला नाही. विनोद कधीकधी इतका मिळमिळीत, की शेवटची चौकट छापायची राहिली की काय असं वाटावं! सकाळच्या चहाबरोबर तोच बरा. पण हार्टलपूलमध्ये पुतळा उभा राहिला तो अँडीचा, आणि मीही आधी शोधतो ती त्याचीच पट्टी.