'सील पॅक' सर्व्हर, १,८६,४४० रुपये आणि पावणेपाच वर्षं चाललेल्या डिस्क

पुण्याच्या एका विक्रेत्याने जुना सर्व्हर नवा म्हणून माझ्या गळ्यात मारला. आकडे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली "नक्की किती गेले?" हा प्रश्न नको. सर्व्हरचे १,८६,४४०. विंडोजच्या तथाकथित लायसन्सचे ६,५००, रोख. बंद पडलेल्या डिस्कवरचा डेटा पुण्यात काढून घ्यायचे ४४,८४०. वकिलाच्या नोटिशीचे २,५००. एकूण २,४०,२८०. यात कारखान्याचा खोळंबा धरलेला नाही. घरी जे ऐकून घ्यावं लागलं ते धरायचंच नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. लहानच आहे. हिशेबाचं टॅली, ऑर्डरींचं सॉफ्टवेअर, नक्षी विणणाऱ्या जकार्ड मशीनच्या डिझाईनच्या फायली, सगळं एका सर्व्हरवर. तो २०१३ चा. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला आणि त्याचा मदरबोर्ड गेला. सीए वर्षअखेरच्या आकड्यांसाठी मागे लागलेला, दोन बायरच्या डिझाईन अडकलेल्या. ऑथराइज्ड डीलरचं कोटेशन आलं २,०८,००० अधिक जीएसटी, आणि वर "माल यायला तीन-चार आठवडे लागतील". पुण्याचे हे विक्रेते महाशय म्हणाले १,५८,००० अधिक जीएसटी, परवा पोच. पन्नास हजारांचा फरक, आणि एक महिना वाचतोय. स्वस्तात मिळतंय म्हणून भुललो असं ज्यांना वाटतंय, त्यांनी पगाराच्या दिवशी बंद सर्व्हरसमोर बसून दाखवावं.

बरं, नंबर काही रस्त्यावरून उचलला नव्हता. ओळखीतल्या एकाने दिला होता. त्याने यांच्याकडून दोन प्रिंटर घेतले होते आणि ते चांगले निघाले होते. असले लोक प्रिंटर चांगलेच देतात.

कोटेशनवर काय होतं बघा: "इंटेल झिऑन ८ कोर, ३२ जीबी रॅम, २ टीबी एंटरप्राइज डिस्क दोन नग, रेड, ३ वर्षं ऑनसाईट वॉरंटी, ब्रँड न्यू सील पॅक." नामांकित कंपनीचं नाव ठळक अक्षरात. प्रोसेसरचा पूर्ण नंबर नाही. सर्व्हर कुठल्या पिढीचा ते नाही. डिस्कचा पार्ट नंबर नाही. सुताचं कोटेशन काउंट, म्हणजे सुताची जाडी, न लिहिता कुणी पाठवलं असतं तर मी त्याला चहासुद्धा पाजला नसता. इथे मात्र "झिऑन" वाचून सगळे गप्प. झिऑन हे इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरचं नाव कैक वर्षं चालत आलंय. आठ कोरचा झिऑन २०१६ मध्येही होता. आमच्यात निघाला तो तोच, ई५-२६२० व्ही४. प्रोसेसरचा नंबर लेखी मागा आणि तो कोणत्या साली बाजारात आला ते इंटेलच्या साईटवर बघा. दोन मिनिटांचं काम आहे. विकणारा "तेच आहे हो मालक" म्हणाला की फोन ठेवा.

आता पोच झाली त्या दुपारबद्दल. ही दुपार मला अजून झोपू देत नाही.

एक पोरगा गाडीतून खोका घेऊन आला. टेप नवी, पुढच्या जाळीवर प्लास्टिकची फिल्म. मी काही आंधळा नाही. कॅबिनेटवरच्या स्टिकरचा सिरीयल नंबर घेतला, कंपनीच्या वेबसाईटवर टाकला. वॉरंटी २०२७ पर्यंत, मॉडेल तेच. यापेक्षा काय करायचं माणसाने? कळलं ते नंतर: स्टिकर छापता येतो. तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या खऱ्याखुऱ्या नव्या मशीनचा होता. मशीनच्या पोटात जो नंबर असतो, जो चालू करताना सेटअपच्या स्क्रीनवर दिसतो, तो वेगळाच होता, आणि ते मशीन कंपनीतून २०१६ मध्ये बाहेर पडलेलं. स्टिकर आणि स्क्रीन, दोन्हीकडचा नंबर जुळला तरच पुढची गोष्ट.

तर पोरगा खोका उघडत होता आणि मी शेजारी उभा होतो. मागच्या बाजूला पॉवर सप्लायच्या जाळीत मला धूळ दिसली. काळी, तेलकट, बोट लावलं तर चिकटणारी. आमच्याकडची धूळ पांढरी असते. सुताचं बारीक पीस उडतं, ते कॉम्प्युटरवर, ट्यूबलाईटवर, देवाच्या फोटोवर सगळीकडे बसतं. झटकलं की उडून जातं. ही तशी नव्हती. ही कुठल्यातरी रस्त्यालगतच्या ऑफिसात वर्षानुवर्षं पंख्याने आत ओढलेली होती. आणि मी विचारलं, हे लक्षात घ्या. "नव्या मशीनमध्ये धूळ कशी रे?" पोरगा हसून म्हणाला, "मालक, गोडाऊनला टेस्टिंग करतो ना आम्ही, तिथली आहे." आणि समोर पडलेला आमचाच सॅम्पलचा टॉवेल उचलून त्याने जाळी पुसली. टॉवेल काळा झाला. मी टॉवेलकडे बघत राहिलो आणि चहा मागवला!

त्याच टेबलावर त्याने दोन बिलं ठेवली. एक ९६,७६० चं, "सर्व्हर हार्डवेअर". दुसरं ८९,६८० चं, "स्टोरेज अँड इन्स्टॉलेशन". "तुमच्या सोयीसाठी वेगळं केलंय." माझी कसली सोय? महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं ऑनलाईन बिल, लागतं. मी टॉवेलच्या गाठींसाठी ही बिलं काढत आलोय. दोन्ही बिलं लाखाच्या आत बसवलेली मला दिसली आणि वाटलं, चला, यानेही कटकट वाचवली. त्याला कटकट वाचवायची नव्हती. त्याला ई-वे बिल काढताच येत नव्हतं, कारण बिलावरचा जीएसटी नंबर केव्हाच रद्द झालेला होता. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेनंतर सीएने २बी, म्हणजे विक्रेत्यांनी जीएसटी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांची यादी, उघडलं, त्यात ही बिलं नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाहीत. खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या करातून वळता होतो, त्या क्रेडिटचे २८,४४० बुडाले. जीएसटी पोर्टलवर लॉगिनसुद्धा न करता कुणाचाही नंबर टाकून बघता येतं की नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न भरले जातात का. अनोळखी माणसाला सांगायचं, मालाचे पैसे घे, जीएसटीची रक्कम बिल २बीत दिसलं की देतो. खरा व्यापारी कुरकुरेल, पण ऐकेल.

निम्मे ९३,२२० आधी दिलेले होते, उरलेले ९३,२२० त्याच दुपारी यूपीआयवर पाठवले. खात्यावर फर्मचं नाव नव्हतं, व्यक्तीचं होतं. "करंट अकाउंटला लिमिट आलंय मालक." हे वाक्य कुठेही ऐकलंत तर पैसे पाठवू नका, बास.

विंडोजचं "लाईफटाईम लायसन्स" ६,५०० ला, बिल नाही. काही आठवड्यांतच पडद्याच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" उगवलं. विंडोज सर्व्हरला वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचं किंवा मशीनचं वेगळं लायसन्सही लागतं, ते तर त्याने सांगितलंच नव्हतं. या सहा हजारांचं मला फार वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते ३.६३ चं. दोन डिस्क २ टीबीच्या. रेड कशासाठी घेतो आपण? एकीवर लिहिलं ते दुसरीवरही लिहिलं जावं, एक गेली तर दुसरीवर काम चालावं. तसं लावलेलं असेल तर विंडोजमध्ये एकाच डिस्कइतकी जागा दिसते, म्हणजे १.८१ टीबी (२ टीबीची डिस्क विंडोज इतकीच दाखवतं). माझ्या पडद्यावर ३.६३ टीबी दिसत होतं. पोराने दाखवून सांगितलं, "मालक, डबल जागा करून दिली तुम्हाला." दोन्ही डिस्क जोडून एक केली होती. तिला रेड ० म्हणतात. त्यात एक डिस्क गेली की दोन्हीवरचं सगळं गेलं. म्हणजे सुरक्षेसाठी पैसे देऊन मी धोका दुप्पट करून घेतला, आणि अण्णांना फोन करून सांगितलं की दोन टीबीच्या पैशात चार मिळाले. सांगणाऱ्या पोराला हे कळत नव्हतं की कळत असून केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण टॉवेल विणणाऱ्या माणसाला रेड ० आणि रेड १ मधला फरक ठाऊक असायला हवा, असं मला एका साहेबांनी सुनावलं. मी त्यांना विचारलं, तुमच्या खांद्यावरचा टॉवेल किती जीएसएमचा आहे? गप्प बसले.

आषाढी झाल्यावर एका सकाळी सर्व्हरमधून टकटक आवाज आला आणि चहा येईपर्यंत सगळं बंद. टॅली वाचलं, कारण आमच्या अकाउंटंट बाई रोज संध्याकाळी पेनड्राईव्हवर बॅकअप घेऊन पर्समध्ये टाकून घरी नेतात. आम्ही त्यांची चेष्टा करायचो. डिझाईनच्या फायलींचा बॅकअप कुणाच्याच पर्समध्ये नव्हता. पुण्याच्या लॅबने निम्म्याच्या आसपास परत दिल्या.

लॅबवाल्याने जे दाखवलं ते ऐका. डिस्क किती तास चालली याची नोंद डिस्कमध्येच असते, स्मार्ट म्हणतात तिला. ती नोंद पुसून शून्यावर आणता येते. आमच्या डिस्कवर तिथे दोन-अडीच महिन्यांचेच तास होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती हे लोक सहसा पुसत नाहीत. तिथे ४१,३१२ तास. भागून बघा, पावणेपाच वर्षांच्या आसपास, रात्रंदिवस. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हाच प्रकार गाजला होता. वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून खपवलेल्या आणि याच नोंदीवरून उघड झालेल्या. यात डिस्क बनवणाऱ्याचा काही दोष नाही. स्मार्टमॉनटूल्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याच्या ७.४ पासून पुढच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते. पैसे देण्याआधी वाचा. नंतर वाचून माझ्यासारखी फक्त भागाकाराची प्रॅक्टिस होते.

विक्रेत्याला फोन केला. आधी "माणूस पाठवतो". मग "वॉरंटीत डेटा येत नाही मालक". मग "तुम्ही गरमीत ठेवलं असेल". सोलापुरात गरमीत ठेवू नको तर कुठे ठेवू? मग ब्लॉक.

आणि आता आपली यंत्रणा.

एका पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाले, "माल मिळाला की तुम्हाला. खराब निघाला ही दिवाणी बाब." मी म्हटलं, जुनं नवं म्हणून विकलं, खोटा स्टिकर लावला, रद्द नंबरवर कर घेतला, ही चारसोबीसी नाही? तर मला कायदा शिकवला: "चारसोबीस आता नाही साहेब, १ जुलै २०२४ पासून ३१८ आहे." धन्यवाद. मग ३१८ लावा! ते नाही. "आरोपी पुण्याचा, तिकडे द्या." पुण्यात म्हणाले, पैसे सोलापुरातून गेले, माल सोलापुरात आला, तिकडे द्या. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून मग वर्ग करायचा, असं नव्या कायद्यात लिहिलेलं आहे. मी छापून नेलं. साहेबांनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजू बघितल्या आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

सायबरकडे म्हणाले, माणूस समोर आला होता, तुम्ही चहा पाजला, हे सायबर कसं? १९३० हा नंबर ऑनलाईन पैसे उडाले तर लगेच फोन करायचा आहे, महिन्यांनी नाही. हे बरोबरच आहे, पण मला फसल्याचं कळायलाच महिने लागले त्याचं काय? ग्राहक आयोगाचं म्हणाल तर वकिलांनी दारातूनच परतवलं. २०१९ च्या कायद्यात व्यापारी कारणासाठी वस्तू घेणारा ग्राहक धरत नाहीत. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने धंदा करणाऱ्याला सूट आहे, पण आमच्याकडे कामगार आहेत. म्हणजे मी माणसं कामाला ठेवली हा माझा गुन्हा. घरच्या मिक्सरसाठी आयोग आहे, कारखान्याच्या सर्व्हरसाठी नाही. कर खात्यात एका बाईंनी फार गोड बोलून सांगितलं, "त्याची नोंदणी आम्ही रद्द केलेलीच आहे." मग तो बिलं कशी फाडतोय? "तुम्ही तपासायला हवं होतं." क्रेडिट नाकारायला यांची मशीन रात्रीतून चालते. रद्द नंबरवर कर गोळा करणाऱ्याला धरायला अर्ज, अर्जाला पोच, आणि पोचेवर शिक्का मारणारा माणूस रजेवर. वकिलाची नोटीस "पत्त्यावर राहत नाही" असा शेरा घेऊन परत आली.

भाचा म्हणतो, मामा, क्लाऊडवर टाकायचं होतं. बरोबर आहे बाबा. पण जकार्डच्या मशीनला रात्री दोन वाजता डिझाईन लागतं आणि आमच्या भागातलं इंटरनेट कधी झोपेल ते सांगता येत नाही.

जुना सर्व्हर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. रिफर्बिश्ड सांगून, रिफर्बिश्डच्या भावात, दुकानाची लेखी वॉरंटी देऊन विकणारे प्रामाणिक लोक आहेत. मला तेच मशीन साठ-सत्तर हजारांत "जुनं आहे" म्हणून दिलं असतं तर मी घेतलंही असतं, डिस्क मात्र नव्या टाकल्या असत्या.

शेवटी ऑथराइज्ड डीलरकडूनच घेतला, २,४५,४४० ला. आठवड्यात आला, तीन-चार आठवडे वगैरे काही नाही. बसवल्याबरोबर आधी जागा बघितली. १.८१.

परवा अण्णांच्या फोनवर एक मेसेज आला. "सर्व्हर ऑफर, सील पॅक, ३ वर्षं ऑनसाईट." फर्मचं नाव नवं, नंबर नवा, फोटो मात्र आमच्या कोटेशनवरचाच. सोलापुरात, इचलकरंजीत किंवा आणखी कुठे ज्यांना लाखाच्या आतली दोन बिलं आणि व्यक्तीच्या नावाचं यूपीआय मिळालं असेल, त्यांनी बिलाची प्रत जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याचा अर्ज कपाखाली जातो. पाच-सहा जणांनी एकत्र दिला तर निदान कप दुसरीकडे ठेवावा लागेल.