आमवातात सांध्यांवर लक्ष ठेवायला लाइट स्कॅन घ्यावा की सोनोग्राफी?

रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये औषध लागू पडतंय का हे नुसत्या दुखण्यावरून कळत नाही. दुखणं कमी होतं, आतली सूज मात्र हळूहळू धुमसत राहते आणि एक्सरेत दिसेपर्यंत हाड कुरतडलेलं असतं, ते काही भरून येत नाही. म्हणून सूज आधी पकडणारी तपासणी हवी.

लाइट स्कॅनचं तत्त्व सोपंय. अंधारात टॉर्चवर बोटं ठेवली की लाल दिसतात ना, तेच. लाल आणि त्यापलीकडचा न दिसणारा प्रकाश बोटांतून आरपार सोडतात, सुजलेल्या सांध्यात रक्त जास्त, आतलं पाणी गढूळ, त्यामुळे प्रकाश कमी बाहेर येतो. हँडस्कॅनसारख्या मशीनमध्ये दोन्ही हात आत ठेवायचे, पट्ट्यांनी थोडा वेळ दाब देतात, दीड-दोन मिनिटांत मनगटं धरून 22 सांधे मोजून होतात, सुई नाही, रेडिएशन नाही. दुसऱ्या प्रकारात शिरेतून इंडोसायनिन ग्रीन नावाचा डाय (रंगद्रव्य) देऊन 6 मिनिटं हातांचे फोटो काढतात, यात सुई आली आणि डायमध्ये आयोडिन असतं, म्हणजे आयोडिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

सोनोग्राफीत एकेक सांधा बघावा लागतो म्हणून वेळ जातो, आणि करणाऱ्याचा हात किती बसलाय यावर बरंच अवलंबून असतं. पण पॉवर डॉपलर (सोनोग्राफीतलं रक्तप्रवाह दाखवणारं सेटिंग) लावला की सांध्याच्या अस्तरात रक्त वाढलंय का ते थेट दिसतं, शिवाय हाडाची झीज, टेंडनभोवतीची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीभोवतीची) सूज हेही दिसतं. लाइट स्कॅन आकडा देतो, पण सूज नेमकी कुठल्या भागात आहे ते नीट सांगत नाही. एमआरआय या दोघांच्या पुढे, हाडाच्या आतली सूजही दाखवतो, पण महाग आणि वेळखाऊ, तो दर व्हिजिटला कोण करणार!

माझं मत विचाराल तर हातांचा त्रास असेल आणि वारंवार बघायचं असेल तर लाइट स्कॅन चांगला, पण त्याच्या एकट्या आकड्यावर औषध बदलू नका, डॉक्टरांनी सांधे दाबून बघणं आणि रक्ताचे रिपोर्ट सोबत हवेतच, आणि त्यांचं नि स्कॅनचं जुळलं नाही तर सोनोग्राफी करून घ्या. हात गार पडलेले असतील तर रक्तप्रवाह बदलतो, त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना नकोच, आपल्याच मागच्या स्कॅनशी करायची, तेही शक्यतो त्याच मशीनवर.

आणि दुखणं गुडघ्यात किंवा खुब्यात असेल तर हा प्रश्नच उरत नाही, तिथे प्रकाश इतक्या खोल पोचत नाही, सरळ सोनोग्राफी किंवा एमआरआयबद्दल विचारा.