तापणारं ग्राफिक्स कार्ड आणि अकोल्याचा उन्हाळा: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी आकडे सांगतो. मे २०२४ मध्ये माझं आरटीएक्स ३०७० हे ग्राफिक्स कार्ड रेंडरला (फिल्मची अंतिम फाइल बनवायला) लागलं की चिप ८४ अंशांवर आणि हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, १०७ वर जायचा. खोलीत ३६ अंश, कार्डाचे पंखे शंभर टक्क्यांवर. एप्रिल २०२५ मध्ये खोलीत तेच ३६, कार्ड तेच, कामही तेच, आणि चिप ६९, हॉटस्पॉट ८०, पंखे साठ टक्क्यांच्या आसपास. मधल्या काळात कार्ड चार वेळा उघडलं. त्यातलं काय कामाला आलं आणि काय वाया गेलं ते लिहितोय. अशा दुरुस्तीचं पहिल्या दिवशीचं मोजमाप सगळे टाकतात, सातव्या-आठव्या महिन्यातलं फारसं कुणी टाकत नाही, आणि खरं उत्तर तिथंच असतं.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो आणि एप्रिल-मे म्हणजे कळस. रात्रीच्या वरातीचं फुटेज हमखास दाणेदार येतं. ते स्वच्छ करायला दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन लावलं की ग्राफिक्स कार्ड दीड-दोन तास सलग पूर्ण ताकदीने राबतं. गेम खेळताना कार्डाला अधूनमधून उसंत तरी मिळते, इथं तीही नाही. वर अकोल्याचा मे. त्या वर्षी शेवटच्या आठवड्यात पारा ४५ च्या वर होता. कूलर चालू ठेवूनही खोली ३६ च्या खाली येईना.

मला आधी संशय आला तो वेळेवरून. ज्या फिल्मला पावणेदोन तास लागायचे तिला अडीच तास लागू लागले. एक दिवस शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, "काय रे, रात्रभर ते काय घोंघावतंय?" तेव्हा पहिल्यांदा एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून बसलो. चिपने ८३ गाठले की कार्ड स्वतःच वेग उतरवायला लागतं, ही त्यात ठरवून ठेवलेली सोय आहे. माझं कार्ड १,९०० मेगाहर्ट्झवरून १,५०० च्या घरात येऊन थांबलं होतं. वॉरंटी फेब्रुवारीतच संपलेली.

एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. नुसतं "कार्ड ८० वर आहे" म्हणण्याला अर्थ नाही. दोन फरक बघायचे. पहिला, चिप आणि खोली यांतला. डिसेंबरात माझ्या खोलीत २२ असतात, मेमध्ये ३६. चौदा अंश तर ऋतूच खातो, त्यामुळे थंडीत "सुधारलं" वाटणारं कार्ड सुधारलेलं नसतं. दुसरा, चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट यांतला. हॉटस्पॉट म्हणजे चिपवरच्या अनेक सेन्सरांपैकी त्या घटकेला सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडा. हा फरक बारा-पंधरा अंश असेल तर ठीक. माझा तेवीस होता. सगळी चिप सारखी तापली तर हवा कमी पडतेय. एकच कोपरा पेटलाय तर चिप आणि हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा पात्यांचा भाग) यांच्यातला थर बिघडलाय.

पहिल्यांदा कार्ड खोललं तेव्हा पंख्यांच्या आड, हीटसिंकच्या पात्यांवर धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसला होता. बोटाने उचलला तर अख्खा तुकडा निघाला. आमच्याकडे जिनिंग सुरू झालं की हे तंतू हवेतच असतात. ब्लोअर मारण्याआधी पंख्यांची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने पंखा भलत्या वेगात फिरला तर बेअरिंगची वाट लागते. ही काळजी मी पहिल्या वेळी घेतली नाही, त्याचं पुढे सांगतो.

खरं दृश्य हीटसिंक उचलल्यावर दिसलं. चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट दोघांच्या मध्ये लावलेली असते, ती चिपच्या मधोमध जवळपास नव्हतीच. तिथं सिलिकॉन आरशासारखं चमकत होतं आणि चारी कडांना पेस्टचा सुकलेला, वाळक्या चिखलासारखा काठ जमला होता. कार्ड तापतं, निवतं, पुन्हा तापतं. प्रत्येक वेळी चिप आणि तांब्याचा तळ कमी-जास्त प्रसरण पावतात आणि मधली पेस्ट थोडी थोडी बाहेर ढकलली जाते. ३०७० ची चिप जेमतेम ३९२ चौरस मिलिमीटर, आणि कार्डाच्या २२० वॅटमधला मोठा वाटा तेवढ्याशा जागेतून बाहेर काढायचा. मधला थर पातळ झाला की लगेच जाणवणारच.

बाजारात चांगलं नाव असलेली पेस्ट आणून लावली. त्याच संध्याकाळी चिप ७५, हॉटस्पॉट ८८. मला आभाळ ठेंगणं झालं. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर पेस्टला पाचपैकी पाच दिले असते. ऑगस्टच्या मध्यावर सहज बघितलं, खोलीत ३० अंश, म्हणजे मेपेक्षा सहा कमी, तरी चिप ७७ आणि हॉटस्पॉट ९८. तेराचा फरक अडीच महिन्यांत एकवीस झाला होता. उघडलं तर पुन्हा तेच, मध्ये आरसा आणि कडेला काठ. पेस्ट वाईट नव्हती. माझ्या प्रोसेसरवर तीच पेस्ट आजही व्यवस्थित आहे. पण प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, ग्राफिक्स चिप उघडी असते, आणि पातळ पेस्ट तिथं टिकत नाही.

मग हनीवेलच्या पीटीएम ७९५० कडे वळलो. ही पेस्ट नाही, पाव मिलिमीटर जाडीचा करडा पत्रा म्हणा. साधारण ४५ अंशांना मऊ होतो, दोन्ही पृष्ठभागांच्या बारीक खाचांत बसतो, थंड झाला की पुन्हा घट्ट होतो. पेस्टसारखा कडेला निघून जात नाही, हाच त्याचा खरा गुण. विजेचा वाहक नसल्यामुळे शॉर्ट होण्याची भीती नाही. नकली माल फार आहे, दर संशयास्पद कमी दिसला तर नादी लागू नका. मी ८० बाय ४० मिलिमीटरचा तुकडा मागवला, त्यात अशी दोन कार्डं आरामात होतात. तो दुसरा तुकडा मला माझ्याच कार्डासाठी लागला.

विसर्जन झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बसलो. पत्रा वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर वरचं प्लॅस्टिक सोलताना तो त्यालाच चिकटून फाटतो. मे महिन्यात आमच्याकडे हे काम करूच नये. चिपपेक्षा दोन-दोन मिलिमीटर मोठा कापला, बसवला, स्क्रू तिरक्या जोडीने, एकदम न आवळता थोडे थोडे घट्ट केले. कॉम्प्युटर सुरू केला आणि दोन मिनिटांत हॉटस्पॉट १०४.

चूक पॅडची होती. मेमरी चिपांवर मऊ थर्मल पॅड असतात. जुने काढताना फाटले म्हणून दुकानात मिळाले ते २ मिलिमीटरचे सगळीकडे लावले. जुने किती जाडीचे होते ते मोजलंच नव्हतं. जाड पॅडनी हीटसिंक वर उचलून धरला होता आणि चिपला तो नीट टेकतच नव्हता. उघडल्यावर पत्र्यावर फक्त एका कोपऱ्यात दाबाची खूण दिसली, बाकी जसाच्या तसा. तो तुकडा वाया गेला. दुसऱ्या वेळी पॅडच्या भानगडीत पडलो नाही, मेमरीवर थर्मल पुट्टी लावली. ती कणकेसारखी असते, दाबाल तेवढीच जाड राहते, त्यामुळे जाडीचा प्रश्नच येत नाही. तुम्ही कार्ड उघडणार असाल तर सगळ्यात आधी जुना न फाटलेला एखादा पॅड मोजून ठेवा, किंवा सरळ पुट्टी घ्या. ३०७० च्या मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, म्हणून तिथं चूक झाली तरी आकड्यावरून कळत नाही. इथं हयगय नको.

पत्रा पहिल्या दिवशी पूर्ण गुण दाखवत नाही. पहिल्या रेंडरला चिप ७६, हॉटस्पॉट ९३ आला आणि माझा धीर सुटत चालला होता. चार-पाचदा तापून निवल्यावर ३० अंशांच्या खोलीत ७० आणि ८२ वर स्थिरावला.

त्यानंतरचा मोठा फायदा फुकटात झाला, व्होल्टेज उतरवून. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज-वेगाची वक्ररेषा उघडते. माझं कार्ड मूळचं साधारण १.०५ व्होल्टवर चालत होतं. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून थोडं उतरवलं तरी बरंच वाचतं. आधी लोभ केला, ०.८२५ व्होल्टला १,८०० मेगाहर्ट्झ लावले. चाचण्या सगळ्या पार पडल्या, पण एका हळदीच्या फिल्मवर चाळिसाव्या मिनिटाला रिझॉल्व्ह बंद पडलं. ०.८७५ वर आणलं, तेव्हापासून एकदाही नाही. कार्ड २२० ऐवजी १६० ते १६५ वॅट घेतं आणि पावणेदोन तासांच्या रेंडरला चार-पाच मिनिटं जास्त लागतात. तुमची चिप माझ्यासारखीच वागेल असं नाही, म्हणून चाचणी तुमच्या रोजच्या सगळ्यात जड कामावरच घ्या. वक्ररेषेत हात घालायचा नसेल तर पॉवर लिमिटची पट्टी ७५-८० टक्क्यांवर ओढा, निम्म्याहून अधिक काम होतं. हे साठ वॅट खोलीतही कमी पडतात. बंद खोलीत रात्रभर बसणाऱ्याला ते कळतं.

कॅबिनेटचं थोडक्यात. पुढची काच काढून जाळीचं पॅनल लावलं, आत हवा घेणारे दोन पंखे पुढे, बाहेर टाकणारा एक मागे. तीन-चार अंशांचा फरक.

कूलरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा नाही. माझा खिडकीतला कूलर सरळ कॅबिनेटवर वारा मारायचा आणि मला ते चांगलंच वाटत होतं. नंतर फिल्टरवर पांढरी पूड दिसू लागली. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, बोअरचं पाणी खारट. कूलरच्या वाऱ्यासोबत उडणारे बारीक थेंब वाळले की क्षार मागे राहतात, आणि तोच थर हीटसिंकवर व सर्किटवर बसू शकतो. आता कॅबिनेट कूलरच्या थेट झोतातून काढून बाजूच्या भिंतीला ठेवलंय, खोलीची दुसरी खिडकी अर्धी उघडी असते. कूलरमध्ये बोअरऐवजी नळाचं पाणी भरतो. पूड जवळजवळ थांबली. तापमान एक-दोन अंशांनी वाढलं असेल, ते मला चालतं.

आता महिन्यांचा हिशोब. ऑक्टोबर २०२४ पासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तोच प्रोजेक्ट, तीच दहा मिनिटं रेंडर करून खोली, चिप, हॉटस्पॉट वहीत लिहितो. डिसेंबरात चिप आणि हॉटस्पॉटमधला फरक अकरा, फेब्रुवारीत अकरा, एप्रिलमध्ये ऐन उन्हात अकरा, जूनमध्ये बारा, जुलै २०२५ मध्ये बारा. मे २०२५ आमच्याकडे अवकाळी पावसात गेला, म्हणून खरी परीक्षा एप्रिलचीच धरतो. पेस्टने जे अडीच महिन्यांत सोडलं ते पत्र्याने दहा महिने धरून ठेवलंय. या काळात पूर्ण सीझन गेला, तेवीस लग्नं, आणि तापण्यामुळे एकही फिल्म उशिरा दिली नाही.

हे सगळं प्रत्येकाने करावं असं मी म्हणणार नाही. वॉरंटी चालू असेल तर कार्ड उघडू नका, आधी धूळ, व्होल्टेज आणि हवा एवढंच बघा. माझ्या हिशोबाने त्यातच बहुतेकांचे दहा-बारा अंश उतरतील. हॉटस्पॉटचा फरक वीसच्या पुढे गेला आणि वॉरंटी संपलेली असेल, तर मात्र पेस्टवर पैसे घालवू नका, सरळ पत्रा घ्या. पंख्यांच्या वायरची जोडणी फार नाजूक असते. हीटसिंक उचलताना एकदम झटका देऊ नका, आधी तो थोडा तिरका करून वायर सोडवा.

एक दुखणं बाकी आहे. पहिल्या सफाईत मोकळ्या पंख्यावर ब्लोअर मारला होता, तो डावा पंखा आता पन्नास टक्क्यांच्या पुढे गेला की घरघरतो. मापाचा पंखा शोधून ठेवलाय. तुळशीच्या लग्नाआधी बदलेन. पंखे वरच्या आवरणाला असल्यामुळे पत्र्याला हात लावावा लागणार नाही, तेवढ्यासाठी चिपवरचे चार स्क्रू मी मुळीच सोडणार नाही.