सर्वेक्षणाचं जाळं आणि बंदरावरची मासळी

समुद्रात मासळी किती उरली हे कशावरून ठरवायचं: सर्वेक्षणाच्या जाळ्यावरून की बंदरावर उतरलेल्या मासळीवरून? मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय मात्स्यिकी सर्वेक्षणाचं जहाज मासे असोत-नसोत, ठरलेल्या पट्ट्यात जाळं ओढतं आणि तासाला किती किलो लागले ते लिहून ठेवतं. रिकामी ओढही तिथे नोंदच. मासेमारी बोट चालवणाऱ्या तांडेलाला रिकामी ओढ परवडत नाही. डिझेल जाळून तो मासळी असेल तिथेच जाणार.

ससून डॉकला पहाटे पाहा: पापलेट वेगळं, कोळंबी वेगळी, पण न खपणारी बारीक पिल्लं बरेचदा समुद्रातच फेकलेली. किनाऱ्यावर नमुने घेणाऱ्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या माणसाला ती दिसणार कशी? सर्वेक्षणाच्या ढिगात मात्र तीही मोजली जातात.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाने हा फरक महागात दाखवला. मासे दाटीने एकत्र येत असल्याने ट्रॉलरची जाळी भरतच राहिली, सर्वेक्षणाचे आकडे मात्र खाली होते. 1992 मध्ये मासेमारीच बंद करावी लागली.

तरी बोंबलाच्या अंदाजासाठी मी बंदरावरच जाईन. तो उथळ पाण्यात, भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यात येतो. तिथे मोठं जहाज काय करणार?